मोंत्रेलच्या बुरुजाचा ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा, शिशाचा, मुठीएवढा. वरच्या भोकात दोरी ओवायची आणि सोडून द्यायचं, एवढंच माझं काम. पण मोंत्रेल गावच्या गढीचा बुरूज सरळ आहे की नाही, हे मला विचारल्याशिवाय कुणी सांगू शकत नसे.

चर्चच्या छपराचं शिसं उरलं, त्यातून ओदों मिस्त्रींनी मला ओतलं. म्हणून असेल, माझा स्वभाव जरा देवभोळा आहे. गाठी मारलेल्या दोरीने मिस्त्रींनी जमिनीवर बुरुजाचं वर्तुळ आखलं तेव्हा मी त्यांच्या कमरेला होतो. "गोल बांधायचा," ते गवंड्यांना म्हणाले, "म्हणजे शत्रूचा धोंडा घसरून जाईल." रोज पहिला दगड बसवण्याआधी ते प्रार्थना म्हणत आणि मला खाली सोडत. दोन्ही नेम कधी चुकले नाहीत.

त्यांचा तिसरा नेम हिवाळ्याचा. थंडी पडण्याआधी काम थांबवायचं आणि भिंतीच्या माथ्यावर पेंढा आणि शेण पसरायचं, म्हणजे ओला चुना गोठत नाही. ते काम त्यांची बायको एर्सां करी. "राण्यांना सोन्याचा मुकुट, माझ्या बुरुजाला शेणाचा!" म्हणून ती हसे.

चौथ्या वर्षी मिस्त्री तापाने पडले. एर्सां त्यांच्या उशाशी बसून राहिली. बांधकामावर देखरेख करणाऱ्या रेनिए कारभाऱ्यांना गढीच्या धन्याची शाबासकी हवी होती. त्यांनी थंडीतही काम रेटलं, पेंढ्याशिवाय पाच थर चढवले. मी खुंटीवरच होतो.

मिस्त्री उठले ते काठी टेकत परांचीवर चढले आणि मला सोडलं. मी थांबलो, तो भिंतीपासून दोन बोटं दूर.

"दोरीच वाकडी असेल तुमची," कारभारी म्हणाले.

"शिसं टांगलेली दोरी वाकडी? कारभारी, असं गवंड्यांसमोर बोलू नका, हसतील."

"दोन बोटांनी काय होतंय? खालून कोणाला दिसणार आहे?"

"याला दिसलं ना."

"पाडाल तर तुमचं मिस्त्रीपद जाईल. पुढच्या आठवड्यात धनी येतायत."

मिस्त्रींनी माझी दोरी गुंडाळली. अजून अशक्त होते, घरात दुसरी मिळकत नव्हती. एर्सां खाली उभी होती. ती वर बघून म्हणाली, "अहो, लढाई लागली की आम्ही बायका-पोरं ह्याच बुरुजात येणार ना?"

मिस्त्रींनी कुदळ उचलली. पहिला दगड त्यांनी स्वतः काढला, मग गवंडी न सांगता वर चढले.

धनी आले तेव्हा बुरूज पाच थरांनी ठेंगणा झाला होता. कारभाऱ्यांनी तक्रार केली. काढलेल्या दगडावरचा चुना धन्यांनी चिमटीत घेतला. थंडीत गोठलेला तो चुना पिठासारखा सांडला. मग त्यांनी भिंतीवर टांगलेल्या माझ्याकडे बघितलं. मी हललो नाही.

"मिस्त्री, पुढच्या उन्हाळ्यात बांधा," ते म्हणाले. "आणि कारभारी, तुम्ही शेण वाहून द्या."

आठ वर्षांनी शत्रू आला. अकरा दिवस यंत्रांनी धोंडे फेकले. आत एर्सां पोरांना पेज वाढत होती, मी तिच्या कमरेला होतो. मिस्त्री तेव्हा हयात नव्हते. भिंत हादरली की ती मला उंचावरून सोडी, बघे, आणि पोरांना सांगे, "सरळ आहे रे, जेवा." बाराव्या दिवशी शत्रू निघून गेला. बुरुजावर ओरखडे उठले, भेग एकही नाही.

माझी फार वाहवा झाली. मग लढाया सरल्या, माणसं पांगली आणि मी चर्चमधल्या खिळ्यावर आलो. तिथे धूळ बसते, तिचं मला काही नाही. पण खिडकीतून बुरुजाचा माथा दिसतो आणि हल्ली त्यावर झुडूप उगवलंय. डागडुजी करायला कित्येक हिवाळ्यांत कुणी चढलेलं नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, फुलंही वाहू नका. फक्त वर्षातून एकदा खिळ्यावरून काढून त्या माथ्यावरून खाली सोडा. मी जिथे थांबेन तिथे बघा, आणि भिंत वाकडी निघाली तर कुदळ उचलायला घाबरू नका. माझी दोरी बदलावी लागेल. मी तसाच आहे, सरळ.