आहुप्याचा पत्ता

मंचरला बाजार समितीच्या अलीकडे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर अ‍ॅडव्होकेट स्नेहा भालेरावचं ऑफिस. तिच्याकडे यायचे ते सगळे मालक लोक. कुणाची पोल्ट्री, कुणाचं कोल्ड स्टोरेज, कुणाची दूध डेअरी. कामगाराला नोटीस कशी द्यायची, चौकशी कशी बसवायची, पगारी रजा कधी द्यावीच लागते, हे ती त्यांना समजावून सांगायची. भावकीत कुणी टोमणा मारला, "आपली पोर शिकली आणि मालकांची वकील झाली," तर ती म्हणायची, "मालकाला कायदा कळला, तर निम्मी भांडणं व्हायचीच नाहीत." आणि हे ती मनापासून म्हणायची.

डिंगोऱ्याचे चांगदेवराव तिचे सगळ्यात जुने पक्षकार. टोमॅटो आणि भाजीपाल्याचं त्यांचं पॅकहाऊस होतं. माणूस आडदांड, पण सांगितलेलं ऐकणारा. दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन स्वतः जिना चढून यायचे.

श्रावणात त्यांच्याकडे एक तक्रार आली. प्रतवारीच्या पट्ट्यावर काम करणारी मंगल नावाची मुलगी होती. तिनं सुपरवायझर अमृतविरुद्ध लिहून दिलं होतं. क्रेट मोजायच्या निमित्तानं तो तिला कोल्ड रूममध्ये बोलवायचा आणि आतून दार ओढून घ्यायचा. पहिल्यांदा ती ओरडली, तेव्हा तो हसला होता. दुसऱ्यांदा त्यानं तिचा हात पिरगाळला.

अमृत म्हणजे चांगदेवरावांच्या बायकोचा सख्खा भाऊ.

"मेव्हणा असला तरी या तक्रारीच्या चौकशीला समिती बसवावीच लागेल," स्नेहानं त्यांना बजावलं. "तोवर अमृतला कामावर येऊ द्यायचं नाही. मंगलला पगारी रजा द्यायची. आणि यातला शब्दही बाहेर जाता कामा नये."

चांगदेवरावांनी मान हलवली. "तुमी म्हणाल तसं, मॅडम."

मंगल भाड्याची खोली सोडून निघून गेली. ती कल्याणला मावशीकडे गेली, असं पॅकहाऊसमध्ये सगळे म्हणत होते. चार दिवसांनी स्नेहाला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पॅकहाऊसच्या भिंतीवर लावलेल्या समितीच्या सूचनेखाली तिचा नंबर होता, तिथून तो घेतलेला.

"मॅडम, मी मंगल. मी गावाकडं आहुप्यालाच हाय, आईजवळ. कागद पाठवायचा तर हितंच पाठवा. पण कंपनीत कुणाला सांगू नका हां. कल्याणला गेले असंच राहू द्या."

"बरं," स्नेहा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चांगदेवरावांचा फोन आला. समितीची तारीख, साक्षीदार असं बोलणं झालं आणि मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पोरीला नोटीस कुठं धाडायची? कल्याणचा पत्ता न्हाई आमच्याकडं."

"कल्याणला नाहीये ती. आहुप्यालाच आहे, आईकडे," स्नेहा बोलून गेली. मालकापासून काही लपवायचं नाही, ही तिची इतक्या वर्षांची सवय. फोन ठेवून ती पुढच्या कामाला लागली.

त्यानंतरच्या सोमवारी, जेवणाचा डबा उघडता उघडता पुन्हा चांगदेवरावांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"मॅडम, समिती-बिमिती लागायची न्हाई आता. अमृत गेलाय आहुप्याला. दोन पोरं घेतलीत संगं. माफी मागतो, समजूत काढतो म्हणला. तक्रार माघारी घेतल्याची सही घेऊनच येतो."

स्नेहानं घास परत डब्यात ठेवला. "तुम्ही त्याला पत्ता दिलात?"

"घरातलाच माणूस हाय, मॅडम. दाजी, कुठंय ती, म्हणून मागंच लागला."

"त्याला फोन करा. आत्ताच्या आत्ता मागं बोलवा."

"लागंना. डिंभ्याच्या पुढं रेंज कुठाय?"

तिनं मंगलचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माफी मागायला जाणारा माणूस दोन पोरं बरोबर कशाला घेईल, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात घण घालत होता. तिनं पोलिसांच्या मदतीच्या नंबरवर फोन करून सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईनं नीट उतरून घेतलं. गाडी पाठवतो, पण रस्ता लांबचा आहे, वेळ लागेल, म्हणाली.

स्नेहानं डबा तसाच झाकला आणि गाडीची किल्ली उचलली.

घोडेगाव, शिनोली मागं पडली, तोवर ऊन-सावली होती. डिंभ्याचं धरण ओलांडून गाडी पाण्याच्या कडेकडेनं वर चढू लागली आणि धुकं उतरलं. आधी डोंगर गेले, मग झाडं, मग रस्त्याची कडही दिसेना. काच आतून धुरकटत होती. ती एका हातानं पुसत होती, दुसऱ्यानं स्टिअरिंग धरून होती. मन नको ते दाखवत होतं. दार आतून लावलंय. मंगल ओरडतेय. अख्खा गाव रानात भातातलं तण बेणतोय, ऐकायला कुणी नाही. 'कुणाला सांगू नका हां.' आपण बरं म्हणालो होतो.

आहुप्याच्या तोंडाशी पांढरी जीप उभी होती. आत कुणी नव्हतं.

शाळेच्या कुंपणाशी एक म्हातारी शेळीला पाला घालत होती. तिला विचारून स्नेहा चिखलातून वर चढली. शेवटून दुसरं घर. ओट्यावर दोन दांडगी पोरं पाय सोडून बसली होती. तिला बघून ती उठली नाहीत. वाटही सोडली नाही. त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून ती दारात गेली. दार उघडंच होतं आणि तेवढ्यानंही तिला हायसं वाटलं.

आत चूल धुमसत होती. अमृत खाटेवर ऐसपैस बसलेला, हातात चहाची कपबशी. शेजारी तयार मजकुराखाली सहीला जागा सोडलेला कागद आणि पेन. मंगल आतल्या दाराला पाठ लावून उभी होती. तिची आई साळुबाई चुलीपाशी बसली होती आणि तिनं विळा मांडीवर घेतला होता. कुणाचा आवाज चढलेला नव्हता.

"या, मॅडम, या," अमृत हसला. "म्हणलं ना मंगल तुला, समदे आपल्याच बाजूचे हायेत? ह्या बघ, कंपनीच्या वकील. ह्यांनीच तर तुझा पत्ता दिला. न्हाईतर मी कल्याणला हेलपाटा मारला असता."

मंगलनं स्नेहाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सोसला असता. ती नजर नुसती रिकामी झाली, शेवटचं दार बंद झाल्यासारखी.

"उठा, अमृत," स्नेहा कशीबशी म्हणाली. "तुम्हाला हिच्याशी बोलायला मनाई आहे."

"तुमी आमच्या वकील ना?"

"कंपनीची आहे. तुमची नाही. तुम्ही इथं आलात हाच आता वेगळा गुन्हा झालाय आणि तो मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. खालून पोलिसांची गाडी निघालीय."

ओट्यावरचं एक पोरगं उठून उभं राहिलं. "अमृतभाऊ, चला."

"बस रं खाली." अमृतनं कपबशी ठेवली आणि कागद उचलून मंगलपुढे धरला. अजून हसतच होता. "सही कर, मंगल. मंग मी जातो. रोज यायला मला बी परवडायचं न्हाई. पण आलोच, तर दर खेपेला दाजीच्या नावानं माफी मागायलाच येईन असं न्हाई."

त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. आणि साळुबाई उठली. विळा तसाच हातात, पण ती त्याच्याकडे गेली नाही. ती मागच्या दारातून परसात गेली आणि खालच्या खाचरांकडे तोंड करून तिनं हाळी दिली. लांब, चढत जाणारी हाळी. रानात वाघरू शिरल्यावर देतात तशी.

खाचरांतून तिला उत्तर आलं. मग दुसरीकडून आणखी एक.

अमृत जागच्या जागी थांबला. बघता बघता धुक्यातून माणसं वर येऊ लागली. प्लास्टिकचे कागद पांघरलेल्या बाया, चिखलानं भरलेले पुरुष. घराला कडं करून सगळे नुसते उभे राहिले. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"पावणं," त्यातला एक वयस्कर माणूस शेवटी म्हणाला, "चहा झाला असंल तर निघा आता."

अमृतनं कागदाची घडी करून खिशात घातली. स्नेहाच्या जवळून जाताना तो वाकला आणि तिला एकटीला ऐकू जाईल असं बोलला. "रस्ता एकच हाय, मॅडम. तुमाला बी उतरायचंच हाय."

जीप गेल्याचा आवाज आला. स्नेहा मंगलकडे वळली. "मंगल, माझ्याबरोबर खाली चल. आईलाही घे. पोलिसांत सांगू—"

"तुमच्या गाडीत मी न्हाई बसणार," मंगल म्हणाली.

"आज आमच्याकडं निजतील त्या," वयस्कर माणूस म्हणाला. "तुमी जावा. उजेड हाय तवर जावा." खालपर्यंत सोडायला माणूस देऊ का, असं त्यानं विचारलं. स्नेहा नको म्हणाली. का म्हणाली ते तिला पुढं कितीतरी दिवस कळलं नाही. बहुधा त्या लोकांकडून आता काहीही घ्यायची तिला लाज वाटली असावी.

उतरताना धुकं आणखी दाट झालं होतं. हॉर्न द्यावा तर कुणाला कळेल म्हणून भीती, न द्यावा तर वळणावर भीती. प्रत्येक वळणाला तिला जीप दिसायची आणि तो कातळ निघायचा. असे किती कातळ मागं पडले. आणि मग एका वळणावर खरंच जीप निघाली. रस्त्यात आडवी, दिवे बंद.

तिनं ब्रेक दाबला. मागं घ्यावी तर मागचं काही दिसत नव्हतं आणि डाव्या हाताला थेट दरी. तिनं दारं लॉक केली. फोनवर रेंजची एक काडी नव्हती.

धुक्यातून अमृत सावकाश चालत आला. तिच्या खिडकीशी थांबला आणि बोटाच्या पेरानं काचेवर टकटक केली. नंतर पुन्हा. दार वाजवून वाट बघणाऱ्या शेजाऱ्यासारखी. स्नेहा समोर बघत राहिली. आपल्या दातांवर दात आपटतात हे तिला ऐकू येत होतं.

"काच खाली घ्या. बोलायचंय नुसतं." तो वाकून आत बघू लागला. "न्हाई घेत? ऱ्हाऊ द्या. तुमी काय बघितलं, मॅडम? चहा पिताना बघितलं. एवढंच बघितलं ना?"

त्यानं दाराचं हँडल ओढून पाहिलं. मग पुढं जाऊन बोनेटवर दोन्ही हात टेकले आणि गाडीला एक हिसका दिला. गाडी स्प्रिंगवर हलली. त्यानं आणखी एक दिला. डावीकडचे दगड घरंगळून खाली गेले. ते खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही. स्नेहाच्या तोंडून आवाज फुटला, तो कुणाचा आहे हे तिचं तिलाच ओळखू आलं नाही.

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. आधी लांब, मग वळणाच्या अगदी अलीकडे. दोन पिवळे दिवे धुक्यात उमटले आणि जीपपुढे येऊन थांबले. आहुप्याला मुक्कामी निघालेली एसटी होती ती.

"अय! रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. कंडक्टर खाली उतरला. मागोमाग बाजार करून परतणारे लोकही उतरले, काय झालंय बघायला. पोरांनी घाईनं जीप कडेला घेतली. अमृत हात झटकत तिच्यात बसला आणि निघून गेला.

कंडक्टरनं काच वाजवली, तेव्हाही स्नेहाला ती खाली घेता येईना.

धरणाच्या अलीकडे तिला पोलिसांची गाडी भेटली. तिनं तिथंच सगळा जबाब दिला. जीपचा नंबर सांगितला. मंगल कुठे आहे हेही सांगावं लागलं, तेव्हा मात्र तिनं आधी अंमलदाराला विचारलं, "हे आणखी कुणाला कळेल?"

दुसऱ्या दिवशी चांगदेवराव आले. जिना चढून धापा टाकत बसले. "मॅडम, चूक झाली. पण बायको जेवली न्हाई कालपास्नं. घरातलं घरात मिटवू की."

"माझ्या गाडीला त्यानं दरीकडे ढकललं," स्नेहा म्हणाली. "आता मी तुमची वकील राहू शकत नाही, मी साक्षीदार आहे. शेवटचा सल्ला देते. त्याला आजच निलंबित करा, नाहीतर उद्या त्याच्या शेजारी तुम्ही उभे असाल."

ते उठले. पुण्याच्या कुणा मोठ्या वकिलाकडे गेले, असं नंतर कळलं. त्यानंही तेच सांगितलं असावं, कारण आठवड्याच्या आत अमृतला घरी बसवलं गेलं, आणि पोलिसांनी बोलावलं तेव्हा चांगदेवराव त्याच्याबरोबर गेले नाहीत. स्नेहाचे मात्र आणखी दोन मालक तिला सोडून गेले. आपल्याच पक्षकाराविरुद्ध साक्ष देणारी वकील कुणाला हवी?

समिती बसली त्या दिवशी मंगल एसटीनं आली. बरोबर साळुबाई आणि वाडीतल्या पाच-सहा बाया. आत तिनं सगळं सांगितलं, न अडखळता. कोल्ड रूमचं सांगताना तेवढा तिचा आवाज बारीक झाला. स्नेहाचीही साक्ष झाली. महिनाभरात अमृतला कामावरून कायमचं काढल्याचा निर्णय आला. पोलिसांतली केस अजून चालू आहे, आणि तो जामिनावर बाहेर आहे.

साक्ष संपल्यावर पॅकहाऊसच्या फाटकाशी दोघी समोरासमोर आल्या. स्नेहा काहीतरी बोलायला गेली, पण मंगलनंच विचारलं.

"त्या दिवशी घाटात तुमाला अडवलं व्हतं म्हणं?"

"हो."

"भ्या वाटलं?"

"लई," स्नेहा म्हणाली.

मंगलनं मान हलवली. म्हणाली, "मला कोल्ड रूमच्या दाराचं अजून वाटतं. घरचं दार बी लावून घेत न्हाई मी."

एसटी आली. बाया चढल्या, मंगल खिडकीशी बसली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. स्नेहा फाटकाशी उभी राहिली आणि बसच्या मागून येणारी एकेक गाडी बघत राहिली. दुधाचा टेम्पो गेला, मोटारसायकल गेली, क्रेटनं भरलेला पिकअप गेला. मग एक पांढरी जीप आली. स्नेहा पुढं झाली, नंबर वाचला. दुसरीच कुणाची तरी होती. तरी ती फाटा ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत स्नेहा तिथून हलली नाही.