राखून ठेवलेलं रडू

तुलारामने मंदाबाईचा छातीवर आपटायला उचललेला हात वरच्या वर धरला आणि खाली जमिनीवर टेकवला.

"आल्या आल्या छाती नाही पिटत बाई. आधी दारात थांबाचं. पाहून घ्याचं. मंग बसाचं, हात भुईवर. रडू वरतून नाही येत, खालून येते."

"इतक्या मयती केल्या, मले कोणी शिकवलं नाही," मंदाबाई म्हणाली.

"तवा कॅमेरा नव्हता."

तलावाच्या पाळीवर सिनेमावाल्यांनी खोटं घर उभारलं होतं आणि त्याच्या दारात ही तालीम चालली होती. सिहोऱ्यात कोणीही मेलं की तिरडी तुलारामच बांधायचा. म्हणून त्यांनी गावात पाऊल ठेवताच त्याच्या गळ्यात फोटोचं कार्ड अडकवलं: 'अंत्यविधी सल्लागार'. सगळं खरं वाटलं पाहिजे, एवढीच डायरेक्टरची अट. तुलारामने सांगितलं, आमच्याकडे मयतीला सगळं गाव येतं. डायरेक्टरने सगळं गाव रोजीवर घेतलं. तुलारामने सांगितलं, प्रेत उठेपर्यंत कोणी उठत नाही. डायरेक्टरने सेटच्या फाटकाशी माणसं उभी केली. आपलं बोलणं इतकं मनावर घेणारा माणूस तुलारामला उभ्या जन्मात भेटला नव्हता.

घरी त्याची बायको सखाबाई खाटेवर होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. एका सकाळी तो पेज भरवायला बसला तेव्हा तिनं विचारलं.

"सारं गाव? कोणासाठी जी?"

"हिरोच्या बापासाठी."

"मेला का?"

"नाही. चहा पिऊन राह्यला."

सखाबाईला हसू आलं, मग खोकला. मूलबाळ नव्हतं. पण गावातली एकही मयत तिनं चुकवली नव्हती. ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्याही दारात ती पोटातून रडून आली होती.

"माह्यासाठी थोडं रडू राखून ठेवाले सांगजा त्याईले," ती म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी हिरोचा बाप तिरडीवर झोपला होता. शॉट चालू नसेल तेव्हा एक माणूस त्याच्या तोंडावरच्या माशा वारायचा. शॉट चालू झाला, तुलाराम मयतीला बसलेल्या गावात आपल्या जागी बसला, आणि शेजारची बेबीबाई फाटकावर भांडून आत शिरली. बायांमधून वाट काढत ती त्याच्या कानाशी लागली.

"भाऊजी, सखा गेली."

तुलाराम हलला नाही.

"कट! सुंदर!" डायरेक्टर ओरडला. "कानात सांगणं! काका, हे आधी का नाही सांगितलंत? परत घेऊ."

बेबीबाईला वाटलं, याला ऐकू आलं नसेल. तिनं परत सांगितलं.

मग तुलाराम मोनाकडे गेला. मोना डायरेक्टरची असिस्टंट, पुण्याची पोर. ऐकून तिचे डोळे खरोखर भरले.

"लोकाईले सोडा मॅडम. माह्या घरी कोणी नाही."

"काका, तुम्ही जा. पण बाकीच्यांना कसं सोडू? अर्धा सीन झालाय. माणसं कमी झाली तर मागचं पुढचं जुळणार नाही." ती खाली बघत म्हणाली, "आणि तुम्हीच सांगितलं होतंत ना... प्रेत उठेपर्यंत कोणी उठत नाही."

तुलारामने मान हलवली. नियम बरोबर होता.

घरी येऊन तो तिरडी बांधायला लागला, तर गावातला ओला बांबू सगळा शूटिंगला गेलेला. मग तो सखाबाईच्या उशाशी बसून माशा वारत राहिला. पाळीवरून गावाचं रडणं ऐकू यायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून लागायचं. दर वेळी आधीपेक्षा चांगलं.

उन्हं कलली तेव्हा काम संपलं आणि सगळं गाव थेट त्याच्या दारी आलं. पुढे शूटिंगची तिरडी, झेंडूच्या माळांसकट, मोनाने पाठवलेली. ती अंगणात टेकवताना पुढचा खांदेकरी बाबूलालने सवयीने मागे वळून कॅमेरा शोधला.

मंदाबाई दारात थांबली. पाहून घेतलं. खाली बसली, हात भुईवर टेकवला. तिच्यामागे एकेक बाई. आवाज खालून आला आणि हळूहळू वर चढला. वेळेआधी कोणी छाती पिटली नाही. तुलाराम एकेक चेहरा बघत गेला. सखाबाईसाठी राखलेलं कोणाकडे उरलंय, काही कळेना.

मंदाबाई पदराने नाक पुसत त्याच्याकडे सरकली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "बरोबर होऊन राह्यलं ना?"

बोलता बोलता तिचा हात गुडघ्यावर गेला होता. तुलारामने तो उचलला आणि भुईवर टेकवला.