पहिल्या केबलचा चिमटा

साहेबाने अहवालात लिहिलं, 'जॉइंटरने हातमोजे घातले नव्हते.' झालं, संपलं! माणूस जिवानिशी गेला आणि वर ठपकाही त्याच्याच माथी. आणि मी, तीस वर्षं केबल तपासण्यात घालवलेली बाई, त्या कागदाखाली मुकाट सही करून घरी आले. लाज कशी वाटली नाही मला!

केबलचे जोड बांधणारा हा जॉइंटर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी त्याला चिडवायला जावईबापू म्हणायची, तो मला ताईसाहेब. त्या दिवशी प्लास्टिकच्या आवरणाच्या तीन जाडजूड केबल तपासायच्या होत्या. एका टोकाला मी, दोन किलोमीटरवर दुसऱ्या टोकाला तो, जोड बांधायला.

या प्लास्टिकला एक वाईट खोड आहे. तपासताना तासभर विजेचा मोठा दाब दिला, की वीज त्याच्या अंगात मुरते. मग केबल चिमट्याने जमिनीला जोडली, की मीटर लगेच शून्य दाखवतं. नवख्याला वाटतं, सुटलो. पण चिमटा काढला की आत मुरलेली वीज हळूहळू वर येते आणि केबल आपोआप पुन्हा जिवंत होते. म्हणून चिमटा तासन्‌तास काढायचा नाही. घसा फोडफोडून हे मीच सगळ्यांना शिकवलंय.

त्या दिवशी चिमटे दोनच होते. तिसऱ्याची स्प्रिंग गेलेली. स्टोअरवाल्याला तीनदा सांगितलं, पण तो ढिम्म. तिसरी केबल खोळंबलेली, साहेबाचे फोनवर फोन. मी पहिल्या केबलचा चिमटा चाळीस मिनिटांतच काढला आणि तिसरीला लावला. मीटर शून्य होतं. दोनदा पाहिलं मी.

जावईबापूंचा फोन आला. "ताईसाहेब, पहिलीला हात घालू का?"

"घाला की. मुहूर्त बघताय का?"

तो हसला. फोन ठेवला. नंतरचा फोन दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

आवरणाचा वरचा थर घासताना हातमोजे कुणीच घालत नाही, जाड रबरात बोटंच चालत नाहीत. हे साहेबालाही पक्कं ठाऊक होतं.

मी रोज कामावरून बहिणीकडे जायची. ती त्याला शिव्यांची लाखोली वाहायची. "दोन पोरी पदरात टाकून गेला! साधे मोजे घालायला काय झालं होतं मेल्याला?" मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायची. मी तिच्या केसांतून हात फिरवायची आणि गप्प बसायची. दीड महिना हे चाललं.

काल बहीण ओट्याशी भांडी घासत होती. थोरली भाची माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, बाबांना काम नीट येत नव्हतं का गं? शाळेत सगळे म्हणतात."



"कोण म्हणतं? तुझ्या बापासारखा जॉइंटर शोधून सापडायचा नाही! चिमटा मी काढला, बाळा. तो मला विचारून हात घालत होता. मीच हो म्हटलं."

नळ बंद झाला. बहीण ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं, त्या सहीसकट.

"उद्या साहेबाला लेखी देते," मी म्हटलं. "नोकरी जाऊ दे, तुरुंगात टाकू देत."

"आजच दे," ती म्हणाली. "त्याला शिव्या घालत होते म्हणून दिवस तरी ढकलले जात होते, ताई. आता त्याच्यासाठी रडायचं, तर कुणापाशी रडू? तू एकटीच होतीस गं मला."

मी तिला जवळ घ्यायला उठले. ती पोरीला घेऊन मागे सरकली.