ढोलामागचं स्टूल

आमच्या मखमलाबादच्या मळ्यात भाजी धुवायची आणि जुड्या बांधायची एक पत्र्याची शेड आहे. सहा दिवस ती माझी. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की माझ्या धाकट्या लेकीची, मंजुषाची, आणि तिच्या दोन मित्रांची. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट सांगतेय. मंजू तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात कुणी लग्नाचा विषय काढला की ती भाजीचा क्रेट उलटा घालून त्यावर दोन काठ्या बडवायला बसायची. विषय आपोआप मिटायचा.

मित्र दोन. एक ललित. त्याचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, राहायला तिथल्याच कॉलनीत. मानेवर केस, पाठीला गिटार, आणि बोलणं असं की जगातलं सगळं संगीत ह्याच्या सहीनं बाहेर पडतं. दुसरा मुस्तकीम. भद्रकालीत त्याच्या वडिलांचं, नजीरभाईंचं, पाण्याच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून द्यायचं दुकान. ह्याची बोटं कायम काळी आणि तोंडात कायम हसू. चार तारांची जाडी गिटार वाजवायचा. त्याच्या मामाची लग्नाची बँड पार्टी बंद पडली तेव्हा तिथले ढोल आणि थाळ्या ह्यानंच टेम्पोत घालून आमच्या शेडमध्ये आणल्या. मंजूनं त्यांना फडक्यानं असं पुसलं, जसं घरातलं एकही भांडं कधी पुसलं नाही.

रविवारचा नियम ठरलेला होता. प्रत्येकानं एकच गाणं आणायचं. कॅसेट घरूनच पेन्सिलीनं फिरवून त्या गाण्यावर आणून ठेवायची. गाणं चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. संपलं की मग उणीदुणी.

मी मधोमध बसलेली असायचे, सोमवारच्या मालाच्या जुड्या बांधत. शेड माझी, मी का उठू? इंग्रजी मला येत नाही, म्हणून मला कुणी शब्दांनी फसवू शकत नाही. कोण मनापासून ओरडतोय आणि कोण उगीच घसा साफ करतोय, हे मला पहिल्या ओळीत कळतं. तीस वर्षं बाजारात बसलेय.

डिसेंबरातल्या एका रविवारी ललितनं फर्मान काढलं, “ड्रम वाजवणाऱ्यानं गाऊच नये. दम पुरत नाही. एक तर ताल हलतो, नाहीतर सूर.”

“अरे जा!” मुस्तकीम म्हणाला. “तो इंग्लंडचा टकला ड्रमर गातो, तो मग काय झोपून वाजवतो? आणि तो अमेरिकेचा, कुरळ्या केसांचा, खरखरीत आवाजाचा? डोळे मिटून ऐक आणि सांग मला की ह्या माणसाचे चारी हातपाय कामात आहेत. कसम से, कळणार नाही.”

“दोनच झाले.”

“तू गिटारवाले चांगले मोज, दोनच निघतील.”

मी हसले. ललितनं माझ्याकडं पाहिलं. मी मेथीकडं पाहिलं.

 मंजूनं तिची कॅसेट लावली. बाईचा आवाज होता. खालचा, गरम, घाई नसलेला. थंडीत उन्हाला पाठ करून बसावं तसा. गाणं संपल्यावर मी विचारलं, “ही कोण?”

“ही पण ड्रमरच, आई, अमेरिकेची. शाळेत असल्यापासून वाजवायची. गायची ती ढोलामागं बसूनच.”

“मग?”

“मग लोक म्हणाले, एवढा आवाज आणि दिसत कशी नाही? तिला पुढं आणून उभं केलं. ढोलावर दुसरा बसवला.”

“आणि ती?”

“गायची की. पण स्वतःला ड्रमरच म्हणवायची म्हणे. गेली लवकर.”

“आजारी होती,” मुस्तकीम म्हणाला. “ते वेगळं.”

“बरोबर केलं त्या लोकांनी,” मी बोलून गेले. “एवढी गोड पोर आणि ढोलामागं लपवायची?”

मी आपलं बोलायचं म्हणून बोलले. पण ललितनं तेवढंच धरलं. सव्वीस जानेवारीला संध्याकाळी त्यांच्या कॉलनीच्या हॉलमध्ये ह्या तिघांचा कार्यक्रम होता, आणि कार्यक्रमात गाणारा ह्यांचा चौथा पोरगा पुण्याला नोकरी लागली म्हणून निघून गेला होता. म्हणजे मंजूच गाणार, हे ठरलेलं होतं.

“काकू बरोबर बोलल्या,” तो म्हणाला. “मंजू, तू पुढं उभी राहा. नुसता माईक. ड्रमवर माझा चुलतभाऊ बसेल, त्याला जमतं. समोर मुलगी गातेय म्हटल्यावर कॉलनी वेडी होईल.”

मंजूनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं मी नाही म्हणेन. आयुष्यभर तिला नाहीच म्हणत आले होते, तेव्हा ह्याही वेळी म्हणेन असं वाटायला जागा होती. पण मला वेगळंच दिसत होतं. एकलहऱ्याचा भरलेला हॉल, पहिल्या रांगेत आमची भावकी, आणि पुढं उजेडात माझी मुलगी. स्टुलावर पाय फाकवून घामाघूम बसलेली नाही. नीट उभी, नीट कपड्यात. माझी जरीकाठाची साडीसुद्धा मी मनातल्या मनात पेटीतून काढली.

“ललित बरोबर बोलतोय,” मी म्हटलं. “तू पुढं उभी राहायचं.”

तिनं काठ्या माझ्या मेथीच्या ढिगाऱ्याशेजारी ठेवल्या. आदळल्या नाहीत, ठेवल्या. आदळल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

पुढचे तीन रविवार मी जे ऐकलं त्याला गाणं म्हणायला मी तयार नाही. मंजू पुढं उभी राहायची. दोन्ही हातांनी माईक धरायची, मग एका हातानं, मग दुसऱ्या हातानं ओढणी. मग हात मागं बांधायची, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. आवाज तोच, गळा तोच, पण पाण्याची मोटर चालू आणि पाट कोरडा, अशी गत. मागं चुलतभाऊ नेमानं वाजवत होता. त्याची काही चूक नव्हती बिचाऱ्याची.

“हस ना जरा,” ललित म्हणायचा. “लोकांकडं बघ. हात हलव.”

“कुठं हलवू?”

“हवेत!”

“हवेत काय आहे?” मंजू म्हणाली.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी ती आली, पण उभी राहिली नाही. क्रेटवर बसली आणि म्हणाली, “ललित, मी येत नाहीये. तुझ्या भावालाच गायला लाव.”

ललितचा चेहरा उतरला. “अगं, पत्रिकेत नाव छापलंय. आता कुठून आणू गाणारा?”

“मला नाही जमत पुढं. मागं बसून जमतं.”

“मागं बसून कॉलनीच्या हॉलमध्ये नाही जमणार. घरी जमणं वेगळं.”

“मग नकोच,” ती म्हणाली. इतक्या शांतपणे, की मला समजलं, ही आता फक्त कार्यक्रम सोडत नाहीये. त्या ढोलांवर चादर पडणार, मग वर कांद्याची पोती, आणि मग मी म्हणेन त्या पोराशी ही मुकाट लग्न करणार. वर्षभरापूर्वी मला ह्याचा आनंद झाला असता. त्या दिवशी झाला नाही.

मुस्तकीम शहाणा. शेडमध्ये धूर झाला की तो दार उघडतो. म्हणाला, “ते राहू द्या. आज आधी गाणी. आणि मावशी, दोन वर्षं फुकट ऐकताय. आज तुमचा नंबर.”

“माझ्याकडं कुठली रे कॅसेट?”

“तोंड आहे ना? अख्ख्या गंगेवर ऐकू जातं म्हणतात.”

खरं होतं ते. बुधवारी नदीकाठी, आम्ही तिला गंगाच म्हणतो, बाजार भरतो, तिथं माझी मेथीची आरोळी पुलापलीकडच्या माणसाला ऐकू जाते. गिऱ्हाईक मला चेहऱ्यानं ओळखत नाही, आरोळीनं ओळखतं. म्हटलं, ह्या पोरांना दाखवावं. जुडी खाली ठेवली, पदर खोचला, उभी राहिले आणि तोंड उघडलं.

काही आलं नाही.

म्हणजे शब्द आले. “घ्या मेथी.” पण पोस्टमननं नाव विचारल्यावर सांगावं तसे. चौघं माझ्याकडं बघत होते. माझे हात कुठं ठेवायचे ते मला कळेना. कमरेवर ठेवले, काढले. मान ताठ ठेवून जगलेली बाई मी, माझ्याच शेडमध्ये, पोरासोरांपुढं घाम फुटला.

“जाऊ द्या मावशी,” मुस्तकीम म्हणाला.

“गप बस,” मी म्हटलं.

कारण मला आठवलं. चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्यानं, महेशनं, गंगापूर रोडला भाजीचा गाळा घेतला. हौसेनं मला नेलं. गादीची खुर्ची दिली, वर पंखा लावला. म्हणाला, आई, तू आता काम करायचं नाही, पुढं बसायचं, मालकिणीसारखं. जुड्या बांधायला माणूस ठेवला होता. मी आठ दिवस बसले आणि आठ दिवसांत माझ्या तोंडून एक धड आरोळी निघाली नाही. नवव्या दिवशी मी पाटी घेऊन परत गंगेवर. घरात सांगितलं, गाळ्यात जीव घुसमटतो, वारा लागत नाही. महेशला वाटलं, त्याचं काहीतरी चुकलं. मी तसंच वाटू दिलं. माझा आवाज गेला होता, हे सांगायचं तरी कसं?

मी खाली बसले. मेथीचा ढीग ओढला, सुतळी दातात धरली. मूठ भरायची, मुळं आपटून सारखी करायची, वेढा, गाठ, फेक. मूठ, आपट, वेढा, गाठ, फेक. पाचव्या जुडीला घसा आपला आपण उघडला.

“घ्या मेऽऽथी! दवातली मेथी, गंगेच्या पाण्याची मेथी, कवळी लुसलुशीत, आत्ता उपटली मेऽऽथी!”

आपटायच्या ठेक्यावर आवाज चढत गेला. पत्रे वाजले. पलीकडच्या मळ्यातला गडी बांधावर येऊन बघायला लागला. मी दहा जुड्या बांधेपर्यंत थांबले नाही, आणि एकही जुडी वाकडी नव्हती.

ललित तोंड उघडं टाकून बघत होता. “काकू, दम नाही लागला?”

“हात थांबले की लागतो,” मी म्हटलं. मग मंजूकडं बघितलं. पुढचं बोलायला मला त्या आरोळीपेक्षा जास्त दम लागला. “महेशच्या गाळ्यात वारा भरपूर होता. पंख्याखाली बसवलं होतं मला. हातात जुडी नव्हती, म्हणून माझा आवाज गेला. तुला पुढं उभं राहा म्हणाले, ते मी माझ्या साडीसाठी म्हणाले. चुकलं माझं.”

मंजूनं मला असं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

दारात महेश उभा होता, टेम्पोत माल भरायला आलेला. कधी आला होता कोण जाणे. म्हणाला, “म्हणजे पंखा चांगलाच होता.”

“चांगलाच होता रे बाबा.”

“चार वर्षं मी त्या पंखेवाल्याला शिव्या देतोय,” तो म्हणाला, आणि क्रेट उचलून बाहेर गेला. पण चाल हलकी झाली होती त्याची. मला पाठमोरंसुद्धा कळतं.

मंजू उठली. ललितच्या चुलतभावाला म्हणाली, “ऊठ जरा.” तो बिचारा उठला. ती स्टुलावर बसली, पाय फाकवून, केस वर बांधून. मुस्तकीमनं माईक तिच्या तोंडाशी वाकडा करून सुतळीनं दांडीला बांधला. माझ्याच सुतळीनं, न विचारता. आणि तिनं वाजवायला घेतलं. ठेका बसला, मग त्यावर आवाज आला, खालून, घाई न करता. पाट भरून वाहायला लागला.

गाणं संपल्यावर कुणी भांडलं नाही. ललित म्हणाला, “ठीक आहे. तीन झाले.”

“काय तीन?”

“गाणारे ड्रमर. चांगले.”

“अमेरिकेची पोर कुठं गेली तुझ्या हिशोबातून?” मी विचारलं.

“चार,” तो म्हणाला.

सव्वीस जानेवारीला आम्ही सगळे एकलहऱ्याला गेलो. जरीकाठाची साडी मी नेसलेच; साडीचा काय गुन्हा? मला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी ललितची आई, विमलाबाई. पडदा उघडला. पुढं ललित, मुस्तकीम, आणि त्या चुलतभावाच्या हातात खंजिरी. मागं ढोलांच्या आणि थाळ्यांच्या आड माझी मंजू. दिसत होतं फक्त कपाळ आणि काठ्यांची टोकं.

विमलाबाई वाकून म्हणाल्या, “अहो, मुलगी दिसतच नाही मागं.”

“गाणं ऐकायला आलाय की स्थळ बघायला?” मी म्हटलं.

पहिल्याच गाण्यात मंजूची एक काठी हातातून सुटली आणि घरंगळत पार पुढं आली. हॉलमध्ये हसू फुटलं.  पण पायाचा ढोल थांबला नाही, उरलेला हात थांबला नाही आणि आवाजही थांबला नाही. ओळ पुरी होईस्तोवर मुस्तकीमनं काठी पायानं मागं सरकवली होती. मग लोक हसायचे थांबले आणि ऐकायला लागले.

मला मात्र बसवेना. त्या मऊ खुर्चीत हात रिकामे पडले होते. पिशवीत सुतळीचा गुंडा होता, तो काढला. तिसऱ्या गाण्यानंतर दिवे लागले तेव्हा विमलाबाई माझ्या मांडीकडं बघत होत्या. जरीच्या काठाला सुतळीच्या, जुडीला मारतात तशा, वीस-पंचवीस गाठी पडल्या होत्या, सगळ्या सारख्या.