तिरक्या उन्हातली भिंत

इमारत धोकादायक आहे, ताबडतोब रिकामी करा, अशी पालिकेची नोटीस मावशीच्या फाटकावर चिकटवलेली होती. खाली पुरावा म्हणून फोटो. तो काढला होता तिच्या भाच्याने. पेशाने तो इमारतींचाच फोटोग्राफर. पहिल्यांदा त्याला राग आला तो फोटोखाली आपलं नाव नाही म्हणून. नोटीस त्याने मागाहून वाचली.

"काय देखणा आलाय!" मावशी म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून राहतेय इथे, पण घर इतकं मोडकळीला आलंय याचा मला पत्ताच नव्हता रे."

"मावशी, बिल्डरचा माणूस म्हणाला, जुन्या इमारतींवर पुस्तक काढतोय. जरा नाट्य आणा म्हणाला."

"आणलंस की. आता पडदा कधी पडतोय ते बघत बसते."

नाट्य आणणं हा त्याच्या हातचा मळ होता. ऊन कलायला लागलं की ते भिंतीला घासून जातं, आणि रंगाचा एवढासा फुगवटाही खड्ड्यासारखा दिसतो. पावसाच्या पाण्याच्या पाइपाची सावली वरपासून खालपर्यंत भेगेसारखी उतरते. त्यात त्याने वाइड लेन्स लावून, भिंतीला नाक लावून कॅमेरा वर रोखला होता, त्यामुळे इमारत मागच्या मागे कलंडलेली दिसत होती. गॅलरीतले वाळत घातलेले कपडे 'चौकट बिघडवतात' म्हणून त्याने शिताफीने वगळले होते. वर्षातला सर्वांत चांगला फोटो, असं तो स्वतःच चार जणांना सांगत सुटला होता.

सुनावणीला तो तावातावाने गेला. पालिकेच्या धोकादायक इमारतींच्या समितीत तीन साहेब होते, आणि तिघांपैकी एकानेही इमारत पाहिली नव्हती.

"साहेब, ही भेग नाही. पाइपाची सावली आहे."

"फोटोत भेग दिसतेय," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, फोटो मीच काढलाय!"

"उत्तम. म्हणजे साक्षीदारही मिळाला."

"दोन गल्ल्या पलीकडे तर आहे. एकदा चालत जाऊन बघा ना."

"फोटो समोर असताना पायपीट कशाला?" अध्यक्षांनी पुढची तारीख दिली.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसांना घराबाहेर काढायचं, आणि यांना खुर्चीबाहेर पडायचा कंटाळा! दात-ओठ खात तो रस्त्यावर आला. समितीच्या नव्याकोऱ्या रंगवलेल्या कार्यालयावरून ऊन अगदी तसंच घासत चाललं होतं. झेंड्याच्या खांबाची सावली भिंतीवर भेगेसारखी तिरकी पडली होती. त्याने पिशवीतून वाइड लेन्स बाहेर काढली.

पुढच्या तारखेला त्याने तो फोटो टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी चष्मा चढवला.

"अरे बाप रे! यात अजून माणसं आहेत?"

"आहेत ना. दिवसभर बसलेली असतात."

"आज रिकामी करा. आत्ता!" अध्यक्षांनी सही ठोकली. बाकीच्या दोघांनी, नेहमीप्रमाणे, न बघता.

चहा घेऊन आलेला शिपाई मागून डोकावला. "साहेब, ही आपलीच खिडकी. तो काय तुमचा निवडुंग."

तिघांनीही हळूच छताकडे पाहिलं. आता हे खजील होणार, मावशीची नोटीस आणि हा हुकूम, दोन्ही कागद फाडणार, म्हणून भाचा छाती काढून उभा राहिला.

"साहेब, बघितलंत ना? ही नुसती सावली..."

"तुम्ही गप्प बसा हो!" अध्यक्ष फायली गोळा करत दाराकडे निघालेसुद्धा. "सावली असो नाहीतर भेग, डोक्यावर पडली तर जबाबदार कोण?"

समितीला बसायला दुसरी जागा मिळेपर्यंत सगळ्या सुनावण्या तहकूब झाल्या. भाचा हसत हसत मावशीकडे आला. मावशी हसली नाही.

"माझं घर धड आहे, असं कुणी म्हणालं?"

"नाही."

"कुणी बघायला येणार आहे?"

"तसं काही बोलले नाहीत."

"मग दात काय काढतोस? मेल्यांना जागा मिळाली की पुन्हा तोच फोटो पुढ्यात घेऊन बसतील."

त्याचं हसू मावळलं. आभाळ भरलेलं होतं. असा मिळमिळीत उजेड, की एकही सावली पडायची नाही. असल्या उजेडात फोटो काढणाऱ्यांची तो आजवर टर उडवत आला होता. तो समोरच्या गच्चीवर चढला, तिकाटणं लावलं, त्यावर कॅमेरा सरळ बसवला. भिंती ओळंब्यात आल्या. पाइप नुसता पाइप दिसू लागला.

"थांब!" मावशी गॅलरीतून ओरडली. तिने बादलीभर ओले कपडे आणले, एकेक झटकून दोरीवर टाकले आणि वरच्या मजल्याकडे मान करून हाक मारली, "अगं, तुमचेही घाला गं वाळत!"

मग ती भाच्याकडे वळली. "हं, आता काढ. आणि एक जरी परकर वगळलास, तर गाठ माझ्याशी आहे."