चिंधी बांधलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. फोटोंच्या फ्रेमा करणाऱ्या एका छोट्या दुकानाच्या दारावर मी लटकते. माणूस आत आलं की मी वाजते आणि बाहेर गेलं की पुन्हा वाजते. काम एवढंच. पण तीस वर्षं एकच काम केलं की त्यातलं थोडंफार कळायला लागतं. त्यातून मी मुळातच बोलकी, तेव्हा जरा सवडीने ऐका.

जुने नळ आणि कुणाच्या तरी पलंगाच्या पितळी मुठी वितळवून ज्या बारा घंट्या ओतल्या, त्यातली मी नववी. ओतणाऱ्याने मला वाजवून पाहिलं आणि नाक मुरडलं. आवाज फार पातळ आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. मग हार्डवेअरच्या दुकानात मी वर्षभर बिजागऱ्यांच्या शेजारी धूळ खात पडले. एके दिवशी एक तरुण जोडपं आलं. नव्या दुकानासाठी त्यांना घंटी हवी होती. बाईंनी सात घंट्या वाजवून बघितल्या आणि मला उचललं. "ही घ्या. ही मागच्या खोलीपर्यंत ऐकू येईल," त्या म्हणाल्या. माझ्या पातळ आवाजाचं तेवढं कौतुक पहिल्यांदाच झालं, आणि खरं सांगते, ते मी अजून विसरलेले नाही.

ते झाले माझे मालक आणि त्या मालकीणबाई. मालक पुढच्या खोलीत लाकडी पट्ट्या जोडत आणि काच कापत. मालकीणबाई मागच्या खोलीत फोटोंमागचे पुठ्ठे कापत. मी वाजले की दोघांपैकी कुणीतरी हात पुसत पुढे येई. लोक लग्नाचे फोटो आणत, शाळेची प्रमाणपत्रं आणत. एकदा एका गृहस्थांनी बायकोच्या हातची वाणसामानाची यादी आणली होती. बायको गेली होती, आणि तिचं अक्षर त्यांना भिंतीवर हवं होतं. मालकांनी त्या यादीला अशी काही फ्रेम केली की ते गृहस्थ बराच वेळ नुसते बघत उभे राहिले.

एव्हाना मला एक हिशेब कळला होता. माझ्या दोन वाजण्यांमध्ये बराच वेळ गेला की समजायचं, काम आलं. लगेच दुसऱ्यांदा वाजले की समजायचं, माणूस तसाच परत गेला.

आता माझ्या वाईट दिवसांचं सांगते. काच कापायची असली की कटर एका दमात ओढावं लागतं. मध्येच हात थांबला की काच मनाला येईल तशी फुटते. म्हणून मालक तेवढा वेळ मान वर करत नाहीत, बोलत नाहीत, श्वाससुद्धा धरून ठेवतात. त्यातून त्यांचं टेबल दारासमोरच्या लांबच्या खिडकीशी, उजेडासाठी, त्यामुळे पाठ दाराकडे. एका सकाळी ते एका मोठ्या नकाशाची काच कापत होते आणि नेमकी मी वाजले. ते दचकले, हात सरकला, काच तिरकी फुटली आणि अंगठ्यातून रक्त आलं. त्यांनी अंगठा बांधला आणि उरलेली चिंधी माझ्या लोलकाला बांधली.

रागाच्या भरात बांधलेली चिंधी उद्या सुटेल असं मला वाटलं होतं. ती चार वर्षं राहिली.

त्या चार वर्षांत मी आतल्या आत किती चडफडले ते माझं मला माहीत. दार उघडायचं, मी हलायचे, आवाज काही नाही. माणूस आत येऊन मालकांची पाठ बघत उभा राहायचा, एकदा खाकरायचा, पट्ट्यांचे नमुने लांबूनच बघायचा, कारण ते टेबलाच्या पलीकडे टांगलेले, आणि निघून जायचा. मालक मान वर करायचे तेव्हा दुकान रिकामं. मग ते मालकीणबाईंना म्हणायचे, "हल्ली काळं कुत्रं फिरकत नाही गं आपल्याकडे." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण तोंडात बोळा.

जागेचा करार तीन महिन्यांत संपणार होता. मालकांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मालकीणबाईंनी समुद्र बघायला जायचं म्हणून साठवलेले पैसे होते, ते सगळे ऑनलाइन जाहिरातीत घालायचे. गिऱ्हाईक वाढलं तर करार पुढे चालू ठेवायचा, नाहीतर दुकान बंद करून फर्निचरच्या कारखान्यात नोकरी धरायची. मालकीणबाई "बघा बाई, तुम्हाला पटतंय ना," एवढंच म्हणाल्या. समुद्राचं त्यांनी नावही काढलं नाही. मला मात्र वाईट वाटलं.

जाहिरात टाकायला परगावी राहणाऱ्या त्यांच्या सूनबाई आठ दिवस सुट्टी काढून आल्या. दुसऱ्यांच्या दुकानांच्या जाहिराती मोबाइलवर चालवायच्या, हीच त्यांची नोकरी. सगळं भरून झालं, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं, आणि त्या थांबल्या.

"बाबा, आत्ता दिवसाला किती जण येतात?"

"कोण येतंय? दोन-तीन. लोकांना आपण माहीतच नाही ना. म्हणून तर हे करायचं."

सूनबाईंनी मोबाइल बाजूला ठेवला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. तासाभरात तीन माणसं आली आणि गेली. मालक काच कापत होते. त्यांना एकही दिसलं नाही. चौथं माणूस गेल्यावर सूनबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, स्टुलावर चढल्या आणि चिंधी सोडली.

पुढचं दार उघडलं आणि मी चार वर्षांचं एकदम वाजले. मागे कटकन काच फुटली.

"ती आधी बांध," मालक वळून म्हणाले.

"तीन दिवस राहू द्या, बाबा. फुटलेल्या काचा माझ्या खात्यात," सूनबाई शांतपणे म्हणाल्या.

सूनबाईंनी मुद्दाम कुणालाच या-बसा केलं नाही, मालकीणबाईंनाही करू दिलं नाही. नेहमीसारखं काय होतं तेच त्यांना बघायचं होतं. मालकीणबाई पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रेघा मारत गेल्या. मालक धुसफुसत होते, आणि रोजचं काम तर टाळता येत नव्हतं, तेव्हा कटर हातात असलं की मी वाजूनही ते वळत नसत. तिसऱ्या संध्याकाळी पुठ्ठा त्यांच्यासमोर आला. एकतीस माणसं आत आली होती. काम नऊ जणांनी दिलं. बावीस तशीच परतली होती.

"पैसे देऊन अजून माणसं बोलवायची, बाबा, आणि ती इथे येऊन कुणाची पाठ बघणार?" सूनबाईंनी विचारलं. "आपलं मोबाइलवरचं पान तरी उघडून बघा. त्यावर जुनाच फोन नंबर आहे, तो उचलायला कुणी नाही. आधी दुकान तयार करू. जाहिरात कुठे पळून जात नाही."

"मी लोकांना पाठ दाखवतो?" मालक दुखावल्या स्वरात म्हणाले. "माझं काम बघा म्हणावं आधी."

तेवढ्यात दार हळूच ढकललं गेलं. तसं हळू दार ढकलणाऱ्या एकच आजी होत्या. चिंधी होती त्या दिवसांत त्या तीनदा येऊन गेल्या होत्या, दर वेळी छातीशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी धरून. मी वाजले. मालकांच्या हातात तेव्हा कटर नव्हतं. ते वळले.

"अरे, चालू आहे का दुकान?" आजी म्हणाल्या. "मी मागे येऊन गेले रे. तू आपला कामात. वाटलं, तू आता बाहेरचं काम घेत नाहीस. आमच्या अख्ख्या इमारतीत मी तसंच सांगून ठेवलंय."

मालकांनी पुढे येऊन स्वतः स्टूल ओढलं, हाताने पुसलं आणि म्हणाले, "बसा आजी. चुकलं माझं." आजींनी कागद सोडला. आत नातवाने काढलेलं घराचं चित्र होतं. चार वर्षांत त्याचा रंग उडायला लागला होता.

त्या दिवशी बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काच सकाळी, दार उघडायच्या आधी कापायची असं ठरलं. पट्ट्यांचे नमुने पुढच्या भिंतीवर, लोकांच्या हाताला येतील असे लागले. मोबाइलवर नवा नंबर आणि चांगले फोटो चढले. महिन्याभराने मालकीणबाईंनी पुन्हा रेघा मारल्या. आता परत जाणारी माणसं थोडी होती. मग सूनबाईंनी फोनवर सांगितलं, "आई, आता जाहिरात चालेल. पण थोड्याच पैशांची, आणि आसपासच्या गल्ल्यांपुरतीच."

जाहिरात बघून आलेला पहिला माणूस हातात मोबाइल धरून आला. मालक पुढेच उभे होते. माझ्या दोन वाजण्यांमध्ये अर्धा तास गेला. करार पुढच्या वर्षासाठी झाला, आणि उरलेल्या पैशांत ती दोघं दोन दिवस समुद्र बघून आली. परतल्यावर मालकीणबाईंनी दार उघडलं तेव्हा मी वाजले, तर त्या वर बघून चक्क हसल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या, एवढंच सांगायला मी बोलले नाही. जो आवाज तुम्हाला दचकवतो, त्याचं तोंड बांधायच्या आधी दारात कोण उभं आहे ते बघा. आणि माझी चिंधी कुठे गेली म्हणाल, तर ती मालकांनी टाकलेली नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते स्टुलावर चढतात आणि त्याच चिंधीने मला पुसतात.