जोड्यातली तिकिटं

मुलांनो, असं समजा की तुमच्या मांडीवर एक ओली टोपली आहे, तिचं पाणी गुडघ्यावर ठिबकतंय, आणि सहा गाड्या आणि एक आगबोट बदलून तुम्हाला आसाम गाठायचाय. इंग्रजांच्या अमलात दहा वर्षांची जमुना अंजनगाव सुर्जीहून अशीच निघाली होती.

टोपलीत विड्याच्या पानांचं बेणं होतं, म्हणजे लावायला कापलेले वेलाचे तुकडे. तिनसुकियाला राहणाऱ्या सूर्यभानकाकाचा सगळा पानमळा रोगानं गेला होता. हे बेणं जिवंत पोचलं तरच तो पुन्हा उभा राहणार होता. ओल्या गोणपाटात बेणं सात दिवस तगतं आणि प्रवास होता सहा दिवसांचा. घरात वाचता येणारी जमुनाच, म्हणून स्टेशनांची यादी तिच्याकडे होती.

"बाबा, नागपूर कधी येते?"

"आत्ता तं मूर्तिजापूर आलं. बस ना गुमान!" असं म्हणणारे खुशालराव स्वतःच चारदा उठून दारात जाऊन आले होते.

मूर्तिजापूरला छोटी गाडी सोडून मोठी धरायची होती. ती येईना. खुशालरावांना राहवेना, त्यांनी पाणी शिंपडायला टोपली उघडली. पानमळ्यात कोणी जोडे घालून शिरत नाही, बेण्यालाही तसा हात लावत नाहीत. त्यांनी जोडे काढून फलाटावरच्या बाकाखाली सारले. तेवढ्यात गाडी आली. धक्काबुक्की झाली. टोपली चढली, बापलेक चढले.

बडनेऱ्याला तिकीटबाबू डब्यात आला.

"तिकिटं जोड्यात हायेत साहेब. चोराच्या भेवानं ठेवली होती."

"आणि जोडे?"

खुशालरावांनी अनवाणी पायांकडे पाहिलं. "मूर्तिजापूरले राहिले."

डबा हसला. "गोष्ट झकास आहे. उतरा खाली," म्हणत बाबूनं बुटाच्या टोकानं टोपली दाराकडे ढकलली.

"बूट काढा!" जमुना किंचाळली. "बेण्याले बूट लावते का कोनी? काढा आधी!"

"काढा ना बाबूसाहेब," कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "पोरगी रडून राहिली."

बाबू ओशाळला. बूट काढून तो खाली बसला, त्यानं गोणपाट उचललं. हिरवी, ओली पेरं. मग त्यानं खुशालरावांच्या पायांकडे पाहिलं.

"म्हणजे तिथंही असेच काढून बसला होता?"

"मंग! बेणं उघडलं होतं ना साहेब."

बाबूनं तिकिटाऐवजी नागपूरपर्यंतची चिठ्ठी लिहून दिली. "मूर्तिजापूरला तार करतो. जोडे सापडले तर मागच्या गाडीनं नागपूरला येतील."

"तिथून आमची हावड्याची गाडी सुटायच्या आत?" जमुनानं विचारलं.

"ते मी कसं सांगू, पोरी?"

शिट्टी झाली. बाबू घाईनं उतरला आणि तारघराकडे धावत सुटला. गाडी हलली. त्याचे बूट टोपलीपाशीच राहिले होते.

जमुनानं ते उचलले. "साहेब, बूट!" ती खिडकीतून ओरडली. तो वळून धावत आला. पण देण्याआधी तिनं दोन्ही बुटांत पार टोकापर्यंत हात घालून चाचपलं, आत काही राहिलं तर नाही ना. मगच ते त्याच्या हातात सोडले.